बिबट्या बघायचाय? आधी पिना मोजा

कोल्हार-भगवतीपूरच्या शिवारात उष्णता टिपणारा कॅमेरा बसवण्याआधी भगवतीमातेला नारळ फोडावा. यंत्राला त्याचा उपयोग नाही, पण घरच्यांना काहीतरी गंभीर चाललंय असं वाटतं.

कॅमेरा कशाला, हे इथे कुणी विचारत नाही. प्रवरेकाठी ऊस, उसात बिबट्या आणि मोटारीची लाईट रात्री. दारं धरायला निघालेल्याच्या हाती बॅटरी आणि मोबाईलवर मोठ्यानं लावलेली गाणी, एवढाच बंदोबस्त. याच नदीच्या वरच्या अंगाला, अकोल्याकडे, विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून मोजणी केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली: १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे, तेही शेतीच्या मुलखात. तेव्हा बिबट्या आहे की नाही हा वाद सोडा, साहित्य जमवा.

रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक, उष्णता टिपणारा एमएलएक्स९०६४० सेन्सर, चार वायरी आणि मध्ये हात न घालणारा एक भाचा. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही.

पायच्या पहिल्या पिनेवर ३.३ व्होल्ट, तिथे सेन्सरची वीज. तिसरीला एसडीए, पाचवीला एससीएल, सहावीला ग्राउंड. दुसऱ्या पिनेवर ५ व्होल्ट आहेत आणि ती पहिलीला अगदी खेटून आहे. बांधाला बांध लागला की काय होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिकडे पाऊल टाकू नका. स्टार्टरच्या पेटीतून पायला वीज देण्याचा बेत असेल तर तोही सोडा. पॉवर बँक आणा.

आता पायच्या सेटिंगमध्ये आयटूसी, म्हणजे सेन्सरशी बोलायची वाट, चालू करून तपासणीची आज्ञा द्या. तक्त्यात ३३, म्हणजे सेन्सरचा पत्ता, उमटलं की जमलं. नाही उमटलं तर एसडीए-एससीएलची अदलाबदल झालीय, भाच्याकडे बघा.

कॅमेरा खिडकीच्या काचेमागे ठेवू नका. अंगातून निघणारी उष्णता काचेतून जात नाही, त्यामुळे पडद्यावर काचच दिसेल. पावसापासून जपायला पातळ पॉलिथिन चालतं. एप्रिलच्या दुपारी लावू नका. ढेकळं जनावराइतकीच तापलेली असतात. पहाट उत्तम.

खरी गंमत पडद्यावर. चित्रात ३२ गुणिले २४, म्हणजे ७६८ ठिपके. ५५ अंशांचं भिंग असेल तर २० मीटरवर एक ठिपका साधारण ६० सेंटिमीटरचा. एवढ्यात बिबट्या म्हणजे दोन-तीन केशरी चौकोन. शेळीही तशीच, कुत्राही तसाच. आणि बिबट्या उसाच्या पाल्याआड बसला असेल तर तेवढंही नाही, कारण दिसते ती पाल्याची उष्णता. गोठ्याच्या दाराशी कोण आलंय एवढं कळायला हा कॅमेरा पुरे; उसात शोध घ्यायला निकामी.

केशरी ठिपका हलला म्हणून बघायला मात्र जाऊ नका. वनविभागाचा १९२६ क्रमांक लावा. त्याला एकही वायर जोडावी लागत नाही.