थांबेकर

टीव्ही घ्यायचा ठरला की माणूस आधी बायकोशी बोलतो, मग बँकेतली शिल्लक बघतो आणि मग थांबेकरांना विचारतो. ही तिसरी पायरी गाळली तर टीव्ही त्याच आठवड्यात घरी येतो.

थांबेकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. सोसायटीनं त्यांना ते बहाल केलं आहे आणि अर्थातच त्यांच्या पाठीमागे. पण हे गृहस्थ एकटे नाहीत. कोथरूडला आहेत, डोंबिवलीत आहेत, नाशकात आहेत. अमेरिकेतही असणार, ‘येताना लॅपटॉप आणशील का’ म्हणून इथून फोन करणाऱ्या मावसभावाला तिथून ‘जरा थांब, थँक्सगिव्हिंगला सेल लागेल’ असं सांगणारा दुसरा कोण असेल? वय साधारण पन्नाशीच्या आसपास. नोकरी बँकेत, महापालिकेत, कॉलेजच्या ऑफिसात, कुठेही. संगणकाशी तिचा संबंध असायलाच हवा असं नाही. उलट, आयटीतली मंडळी या बाबतीत निव्वळ अडाणी, असं आमच्या बी विंगमधल्या थांबेकरांचं मत आहे. त्यांना कंपनी लॅपटॉप देते आणि ते घेतात. आत कोणत्या पिढीचा प्रोसेसर आहे हे विचारतसुद्धा नाहीत. पगार मात्र घेतात.

सकाळी उठल्या उठल्या थांबेकर फोन हातात घेतात. तो आपणही घेतो, पण आपण गुड मॉर्निंगचे गुलाब पुसण्यासाठी. ते फुटलेल्या बातम्या वाचतात. जो फोन अजून जाहीरही झालेला नाही त्याच्या कॅमेऱ्याचा फुगवटा किती मिलिमीटर असेल, बॅटरी किती असेल, तिकडे सहा रंग येणार असतील तर इकडे कोणते तीनच येतील, हे त्यांना दात घासायच्या आधी कळलेलं असतं. त्यांचा स्वतःचा मेंटेनन्स किती महिन्यांचा थकलाय, ते मात्र सेक्रेटरींना जिन्यात गाठून सांगावं लागतं.

सल्ला मागायला गेलात तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘बजेट?’ दुसरा, ‘वापर काय?’ तुम्ही म्हणता, ‘मुलीचं कॉलेज, थोडं वर्ड-एक्सेल.’ ते डोळे मिटतात. इथून पुढे तुमच्या मुलीचा, कॉलेजचा आणि वर्ड-एक्सेलचा विषय संपलेला असतो.

मग नॅनोमीटर येतात. तीन नॅनोमीटरच्या चिपमध्ये तीन नॅनोमीटरचं म्हणून बोट ठेवावं असं काही नसतं, ते निव्वळ बाजारातलं नाव उरलं आहे, ही माहिती ते घरातलं गुपित फोडल्यासारखी हळू आवाजात देतात. ती खरी आहे. थांबेकरांची हीच तर पंचाईत आहे. माणूस कधी खोटं बोलत नाही. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच का दिसते, कंपनी हजाराच्या हिशेबानं कशी मोजते आणि विंडोज १०२४ च्या, हे त्यांनी गेल्या श्रावणात सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत समजावून सांगितलं. तिथून गाडी फ्लॉपीवर घसरली. फ्लॉपीवर छापलेलं १.४४ एमबी म्हणे दोन्ही हिशेबांनी चूक. होते १४४० केबी. केबी मोजताना १०२४ धरले आणि एमबी करताना हजारानं भागलं. ‘म्हणजे वीस वर्षं जगानं चुकीचं लेबल वाचलं,’ ते म्हणाले. गुरुजींनी हातावर शिरा ठेवता ठेवता विचारलं, ‘मग आता ते बदलून मिळेल का?’

पण त्यांचा खरा प्रांत यूएसबी. या विषयावर त्यांनी मला गेटजवळ उभं करून जे ऐकवलं ते मी थोडक्यात सांगतो. त्यांनी थोडक्यात सांगितलं नव्हतं. २००८ साली यूएसबी ३.० आलं. बहुतेक ठिकाणी निळं भोक, सेकंदाला पाच गिगाबिट वेग. पुढे ३.१ आलं तेव्हा या जुन्याचं पुन्हा बारसं झालं, ‘३.१ जेन १’. मग ३.२ आलं आणि त्याचं ‘३.२ जेन १’ झालं. वेग तोच, पाचच.

‘म्हणजे लॅमिंग्टन रोडचा डॉक्टर भडकमकर मार्ग झाला तसं,’ मी म्हणालो. ‘रस्ता तोच, खड्डे तेच.’

‘छे! तिथला टॅक्सीवाला अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतो. तुम्हाला पोचवतो. इथे दुकानदारालाच पत्ता माहीत नाही.’

मग टाइप-सी. बाहेरून सगळी भोकं सारखी, पण आत काय चाललंय याचा पत्ता नाही. २०२३ मध्ये ॲपलनं आयफोन १५ ला टाइप-सी दिलं तेव्हा जगभर कोण आनंद झाला. पण साध्या १५ मध्ये त्या नव्या भोकातून वेग कुठला? यूएसबी २ चा. ४८० मेगाबिट. ‘एवढे पैसे मोजून!’ थांबेकर कळवळून म्हणाले. त्यांनी आयुष्यात आयफोन घेतलेला नाही. दुसऱ्याच्या पैशांसाठी इतकं कळवळणारा माणूस आमच्या सोसायटीत दुसरा नाही.

एवढं सगळं झाल्यावर निकाल लागतो. तो नेहमी एकाच शब्दाचा असतो. ‘थांबा.’

कारण दर वेळी वेगळं. जानेवारीत लास वेगासला सीईएस भरायचं असतं. ते झालं की तिथं दाखवलेला माल दुकानात यायचा असतो. तो आला की त्याचा पहिला लॉट घ्यायचा नसतो. दुसरा लॉट येईपर्यंत पावसाळा लागतो, आणि मग स्वातंत्र्यदिनाचा सेल तोंडावर असताना आता घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तो सेल दिवाळीच्या सेलपुढे काहीच नसतो. दिवाळीत गर्दीचा फायदा घेऊन जुना माल खपवतात. आणि मग जानेवारी आलाच की. घोषणेच्या रात्रीच फोन बुक करणाऱ्यांना ते ‘उतावळा नवरा’ म्हणतात आणि म्हणीचा उरलेला भाग तुमच्यावर सोडतात.

हा स्वभाव उगीच झालेला नाही, हेही सांगायला हवं. त्यांच्या तरुणपणी घरात पहिला पेंटियम यायचा होता. १९९४ च्या अखेरीस बातमी आली की पेंटियम काही ठराविक भागाकार चुकतो. इंटेलनं आधी टाळाटाळ केली आणि शेवटी चिपा बदलून देऊ म्हणून जाहीर केलं. बँकेत लागलेला नवा कारकून आणि भागाकार चुकणारा संगणक! त्यांनी ४८६ वरच दिवस काढले. विंडोज व्हिस्टा आली २००७ साली. थांबेकर थांबले, आणि ज्यांनी घेतली त्यांना बसलेली यंत्रं ओढून काढताना बघत राहिले. २०१६ मध्ये सॅमसंगचा नोट ७ पेट घेऊ लागला, कंपनीनं परत मागवला, विमानात त्याचं नाव घेऊन मनाई होऊ लागली. सोसायटीत तो फोन कुणाकडेच नव्हता. तरी थांबेकर आठवडाभर ‘मी काय म्हणत होतो?’ असं विचारत फिरत होते. एकदा वाट बघितल्याचं सार्थक झालं की माणूस वाया जातो, तो असा.

वाट बघून घेतलेली त्यांची सर्वोत्तम वस्तू म्हणजे त्यांचा डेस्कटॉप. जानेवारी २०११ मध्ये इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर आले. सगळे धावले. महिना संपतोय तोच इंटेलनंच कबूल केलं की सोबतच्या चिपसेटमध्ये दोष आहे, हार्ड डिस्क जोडायची काही भोकं कालांतरानं अशक्त होत जातील. मदरबोर्ड परत गेले. दुरुस्त माल आल्याची खात्री झाल्यावर थांबेकरांनी पुण्याच्या तापकीर गल्लीत भाव काढला, तो घेऊन मुंबईला गेले, लॅमिंग्टन रोडवर तीनशे रुपयांनी कमी करून घेतला आणि मदरबोर्ड मांडीवर धरून डेक्कन क्वीननं परत आले. आय५-२५००के. हा आकडा उच्चारताना त्यांचा आवाज अजून ओला होतो. त्यानंतर त्यांनी संगणक घेतलेला नाही. घेण्याजोगा निघाला नाही.

तो डेस्कटॉप आजही चालतो. कॅबिनेटची एक बाजू कायम उघडी, आत जुनी केरसुणी झटकल्याइतकी धूळ, आणि एप्रिल-मेमध्ये समोर टेबलफॅन. विंडोज ११ आली तेव्हा मायक्रोसॉफ्टनं अट घातली की टीपीएम २.० हवं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर हवा. यांचा दुसऱ्या पिढीचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधारही संपला, तेव्हा त्यांनी त्यावर लिनक्स मिंट चढवलं आणि मायक्रोसॉफ्टला आपण सोडल्याचं आम्हाला कळवलं. मायक्रोसॉफ्टला कळलं की नाही, माहीत नाही.

वहिनींचं मात्र वेगळं आहे. त्यांचा फोन बंद पडला त्या दिवशी संध्याकाळी भाजी आणायला म्हणून त्या खाली उतरल्या आणि भाजी, कढीपत्ता आणि नवा फोन घेऊन वर आल्या. थांबेकरांनी विचारलं, ‘प्रोसेसर कोणता?’ त्या म्हणाल्या, ‘जांभळा.’ त्याला आता चार वर्षं झाली. फोन उत्तम चाललाय. विषय निघाला की थांबेकर एवढंच म्हणतात, ‘मागची बाजू प्लॅस्टिकची आहे.’

मागच्या वर्षी मात्र थांबेकरांना देवत्व येता येता राहिलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना गौरी-गणपतीला त्रेचाळीस इंची टीव्ही हवा होता. यांनी सांगितलं, थांबा, मिनी-एलईडी स्वस्त होतंय. काकू कुरकुरत थांबल्या. आणि २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ३२,००० चा टीव्ही २९,५०० ला पडला. मिनी-एलईडी नव्हताच तो, साधाच होता. पण पैसे वाचले की कारण कोण विचारतो? काकूंनी नारळ आणि पेढे पाठवले. नवरात्रभर बी विंगच्या जिन्यात चपलांची गर्दी होती. मिक्सर घेऊ का, इन्व्हर्टर घेऊ का, एकानं तर फ्लॅट घेऊ का म्हणून विचारलं. सगळ्यांना उत्तर एकच मिळालं.

त्यातच चौथ्या मजल्यावरचे नाना होते. नात आर्किटेक्चरला, तिला मोठी चित्रं उघडणारा लॅपटॉप हवा होता. ‘जानेवारीपर्यंत थांबा नाना. नवे प्रोसेसर येतायत. जुने कोसळतील.’

नाना थांबले. कोसळलं काहीच नाही. झालं ते उलटंच: एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांवर झडप घातली. जगात डीरॅम बनवणारे मोठे तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. तिघांनीही आपली ताकद डेटा सेंटरांना लागणाऱ्या महागड्या मालाकडे वळवली. साध्या संगणकाच्या रॅमच्या पट्ट्या काही महिन्यांत दुपटी-तिपटीवर गेल्या. डिसेंबरात मायक्रॉननं तर क्रुशियल हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँडच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरात बघून ठेवलेला लॅपटॉप नाना जानेवारीत विचारायला गेले, तर दुकानदारानं सांगितलेला आकडा ऐकून त्यांनी स्टूल मागितलं.

त्या संध्याकाळी नाना बी विंगमध्ये आले, तेव्हा जिन्यात आम्ही चार-पाच जण काही कारण नसताना उभे होतो. थांबेकरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि एचबीएम मेमरी म्हणजे काय, तिचे थर एकमेकांवर कसे रचतात, हे कागदावर काढून दाखवलं. चित्र सुरेख होतं.

‘पण तुम्हीच थांबा म्हणालात ना?’ नाना म्हणाले.

‘म्हणालो होतो,’ थांबेकर म्हणाले, ‘पण इतकं?’

नानांनी दुसऱ्याच दिवशी हप्त्यांवर लॅपटॉप घेतला, यांना न कळवता. तरी खोका लिफ्टमधून चढत असताना थांबेकरांना कसा कोण जाणे वास लागला. खोका फुटायच्या आत ते हात धुऊन हजर. इतरांच्या वस्तू उघडण्याचा मान सोसायटीत त्यांचाच असतो. टेप त्यांनी कात्रीनं नाही, नखानं सोडवली. झाकणावरची पारदर्शक पट्टी एका कोपऱ्यापासून अशी काही सावकाश सोलली की नातीनं दोनदा जांभई दिली. पडदा पांढरा करून मेलेले पिक्सेल शोधले. एकही मेला नव्हता. त्यांना थोडं वाईट वाटलं असावं. मग लॅपटॉप उपडा करून मॉडेल नंबर वाचला आणि नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘रॅम सोल्डर केलेली आहे. पुढे वाढवता येणार नाही.’

‘चालेल हो,’ नाना म्हणाले.

जाताना त्यांनी रिकामा खोका, त्यातलं थर्माकोल आणि पिशव्यांची वेटोळी उचलली. त्यांच्या माळ्यावर सोसायटीतले असे निम्मेअधिक खोके आहेत.

‘टाकू नका कधी. विकताना खोका लागतो.’

‘विकताना? आजच घेतलाय!’

‘पुढच्या वर्षी विकाल,’ दारात थांबून ते म्हणाले. ‘पुढच्या वर्षी काय येतंय, कल्पना आहे?’

नात दार लावायला पुढे आली. पण नानांनी तिला हातानं मागे सारलं, मागे एकदा वळून बायको स्वयंपाकघरातच आहे ना ते पाहिलं, आणि बाहेर येऊन दार ओढून घेत हळूच विचारलं, ‘काय येतंय?’