आग्नेय दिशेची काटकसर

ज्या गृहस्थाने उमेदीची सारी वर्षे सरकारी कचेरीच्या लेखाशाखेत दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप काढण्यात घालवली, त्याला निवृत्तीनंतर स्वतःच्या घरच्या जमाखर्चाखेरीज तपासण्याजोगे काही उरत नाही, आणि या परिस्थितीची झळ घरच्या मंडळींना पहिल्याच महिन्यात लागते. कचेरीत असताना ‘सदर खर्चाचे समर्थन करावे’ असा शेरा मी मारला की समोरचा कारकून निदान आठवडाभर निरुत्तर होत असे, घरी तोच शेरा मी केबलच्या बिलावर मारला, तेव्हा सौभाग्यवतींनी “बातम्या लावून झोपतं कोण?” असे तोंडी समर्थन तत्क्षणी रुजू केले. तथापि मी नाउमेद झालो नाही. काटकसरीची गणना लोक उगाच सद्गुणांत करतात. माझ्या मते तो शुद्ध करमणुकीचा प्रकार असून दूरचित्रवाणीवरील कोणत्याही मालिकेहून अधिक रंगतदार आहे, फक्त तिला प्रायोजक मिळत नाही.

केबलच्या बिलाची रक्कम मला फारशी टोचत नव्हती. टोचत होती ती तिची मांडणी. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे लोक ज्याला ट्राय म्हणतात त्या संस्थेने, अशी तजवीज अंमलात आणली की ग्राहकाने शंभर वाहिन्यांपर्यंतच्या जोडणीचे शुल्क म्हणून दरमहा १३० रुपये, त्यावर अठरा टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे प्रथम भरावेत, आणि त्यापुढे ज्या सशुल्क वाहिन्या हव्या असतील त्या एकेक निवडून त्यांचे दाम निराळे मोजावेत. म्हणजे खाणावळीत आधी पाटावर बसल्याचे पैसे, आणि आमटी-भाजीचा हिशेब नंतर. निवडीचे स्वातंत्र्य ही वस्तू राज्यशास्त्राच्या ग्रंथांत फार मनोहर दिसते; ती चौघांच्या कुटुंबात एका छापील अर्जावर उतरवायची म्हटली की तिचे खरे स्वरूप प्रकट होते. आमच्या मातोश्रींनी कीर्तन-प्रवचनाच्या सर्व वाहिन्यांवर खूण केली, चिरंजीवांनी खेळांच्या, सौभाग्यवतींनी मालिकांच्या. आणि मी, सभेचा अध्यक्ष या नात्याने, प्रत्येकाच्या निवडीतून निम्म्या वाहिन्या कमी कराव्यात असा ठराव मांडला, तो अनुमोदकाअभावी बारगळला. सर्वांच्या स्वातंत्र्याची बेरीज केली तेव्हा ती जुन्या, पारतंत्र्यातील बिलाहून अधिक भरली.

वास्तविक दरमहा काही न देता चित्र पाहण्याची विद्या आमच्या पिढीला नवी नव्हती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्याच्या कृपेने ते पुणेकरांच्या दिवाणखान्यात अवतरले, तेव्हा प्रत्येक गच्चीवरचा अँटेना तानाजीच्या स्मरणार्थ उभा केल्यासारखा नैऋत्येकडे तोंड करून असे. पोस्टातून काढलेला परवाना, गच्चीवर एक धडधाकट मनुष्य, आणि पडद्यावर मुंग्यांच्या पल्याड कुठेतरी ‘आमची माती आमची माणसं’ एवढ्यावर अख्खी चाळ तृप्त होती. १९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास गच्चीगच्चीवरून काळ्या तारा धावू लागल्या आणि महिन्याची वसुली सुरू झाली. आमचा जुना अँटेना मी माळ्यावर जपून ठेवला होता; परंतु दूरदर्शनने जमिनीवरून होणारे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने आटोपते घेतले आणि २०२२ पर्यंत देशातील बहुतेक प्रक्षेपक बंद झाले, त्यामुळे त्याच्या ॲल्युमिनियमच्या काड्यांना भंगाराच्या भावाखेरीज भविष्य राहिले नाही.

उरले आकाश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली आणि आता डीडी फ्री डिश म्हणून विख्यात असलेली सेवा दरमहा छदामही मागत नाही. छत्री आणि पेटी एकदा विकत घेतली की प्रकरण बेबाक. तिचा व्यवहार मी कौतुकाने अभ्यासला. प्रसार भारती खाजगी वाहिन्यांना जागा लिलावाने देते, त्यांच्याकडून रग्गड वसूल करते, आणि प्रेक्षकाला मात्र सारे फुकट. दुकानदाराकडून घेऊन गिऱ्हाइकाला देणारे सरकार मी सबंध सेवाकाळात पाहिले नव्हते.

या सेवेचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ९३.५ अंश पूर्व रेखांशाशी ठाण मांडून बसलेला आहे, आणि पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे पुण्याहून तो सदासर्वकाळ आग्नेयेस, क्षितिजापासून साठ अंशांच्या किंचित खाली असतो. ही वार्ता मी घरात वाचून दाखवली. “आग्नेयेला चूल मांडतात रे,” मातोश्री म्हणाल्या, “तिथे छत्री कसली?” सोसायटीच्या चिटणिसांनाही दिशेविषयी शंका होती, परंतु ती लेखी अर्जाने, तीन प्रतींत, निरसन करून घेण्याजोगी होती.

छत्री लावून देणारा माणूस मिळत असताना मी तो मुद्दाम बोलावला नाही. जी करमणूक स्वतःच्या हातांनी होते तिचे पैसे दुसऱ्याला का द्यावेत? समोरचे अप्पा मोबाइलमधील होकायंत्र घेऊन गच्चीवर उभे राहिले, मी पाना घेऊन छत्रीशी, सौभाग्यवती तळमजल्यावर टीव्हीपुढे, आणि मधल्या जिन्यात निरोप पोचवण्यासाठी वॉचमन. छत्री केसभर हलवायची, “आलं का?” असे विचारायचे, आणि उत्तर तीन मजले चढून येईतो थांबायचे, असा तो विधी होता. बराच वेळ काहीच आले नाही. मग एकाएकी खालून “आलं! आलं!” असा घोष झाला, वॉचमनने तो दुप्पट आवाजात वर धाडला, आणि पाण्याच्या वेळापत्रकाने गांजलेल्या आमच्या इमारतीत त्याचा जो एकमेव अर्थ संभवतो तो सर्वांनी घेतला. दारे उघडली, बादल्या नळाखाली सरकल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मोटर चालू केली. टाकीत पाणी नव्हते. चित्र मात्र स्वच्छ होते, आणि सह्याद्री वाहिनीवर पाणीटंचाईवर परिसंवाद चालू होता. मंडळींनी त्या संध्याकाळी माझ्याविषयी जे उद्गार काढले ते कोणत्याही मालिकेत सात वाजताच्या वेळेला दाखवता आले नसते.

मातोश्री या बदलावर निहायत खूश झाल्या. फुकटच्या वाहिन्यांवर जुन्या मालिका आणि हिंदीत बोलणारे दाक्षिणात्य चित्रपट अखंड चालतात, आणि त्यांतील नायक एका ठोशात आठ गुंडांना लोळवतो हे त्यांच्या धर्मकल्पनेशी सुसंगत आहे. पेच उभा राहिला सौभाग्यवतींचा. मोठ्या कंपन्यांनी मनोरंजनाच्या आपल्या वाहिन्या २०२२ मध्ये या छत्रीखालून काढून घेतल्या असल्यामुळे त्यांच्या मालिकेतील सून ऐन घटस्फोटाच्या उंबरठ्यावर अडकून पडली. तिला बाहेर काढण्यासाठी ॲप घेणे प्राप्त झाले. ॲपला इंटरनेट लागते, इंटरनेटला तार लागते, आणि ती तार आमच्या आळीत ओढणारा इसम चौकशीअंती तोच निघाला ज्याची केबल मी नुकतीच समारंभपूर्वक तोडली होती. त्याने चेहऱ्यावर विजयाचा लवलेश न दाखवता शिडी लावली.

मग चिरंजीवांसाठी क्रिकेटचे ॲप आले. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये मोबाइलपुरत्या योजनेचा दर १९९ रुपयांवरून १४९ वर आणला, हे आकडे मला मोहक वाटले. परंतु ते चित्र केवळ मोबाइलच्या पडद्यावर दिसत असल्याने एका यंत्रापुढे चार चष्मे जुळवावे लागत. बेंगळुरूच्या भाच्याने आपला पासवर्ड उदार मनाने दिला, तेव्हा हे दान स्वीकारणे नियमास धरून आहे काय, याविषयी मी टिपण तयार केले. ते अद्याप विचाराधीन आहे. पासवर्ड मात्र वापरात आहे. एका बिलाच्या जागी आता कोणते शुल्क मासिक, कोणते त्रैमासिक, कोणते वार्षिक, कशाची मुदत केव्हा सरते, याची स्वतंत्र वही मी घातली असून तिच्यात लाल शाईचे रकाने आखण्यात माझा दुपारचा वेळ अत्यंत सुखात जातो. बचत झाली का, असे लोक विचारतात. झाली आहे; वहीत ती तीन निरनिराळ्या पद्धतींनी सिद्ध केलेली आहे, आणि तिन्ही उत्तरे वेगवेगळी आहेत.

जुलैत पाऊस लागला. मुसळधार पावसात या उपग्रहाच्या लहरी वाटेतच क्षीण होतात, त्यामुळे धरणात किती पाणी साठले हे सांगता सांगता निवेदिका चौकोनाचौकोनांनी विरघळून जाई. एका वादळी रात्रीनंतर तर ऊन पडूनही चित्र परतेना. अप्पांचे होकायंत्र, माझा पाना आणि वॉचमनचा कंठ पुन्हा तैनात झाले, खालच्या मजल्यांवर सावधगिरीची सूचना आधीच फिरवण्यात आली, पण आग्नेय दिशा काही सापडेना. तेवढ्यात इंटरनेटच्या पैशांसाठी केबलवाला आला. गच्चीवरचा गलका ऐकून तो वर चढला, छत्रीच्या कडेला दोन बोटे लावून ती किंचित उचलली, आणि खालून मातोश्रींनी स्वतःच आरोळी दिली.

“तुला कसं जमलं रे हे?” मी विचारले.

“गावाकडं आमच्या घरी हीच छत्री आहे, काका,” तो म्हणाला. “केबलला उगाच महिन्याचे पैसे कोण घालवणार?” आणि खिशातून पावतीपुस्तक काढून त्याने माझे नाव लिहायला घेतले.