डिक्री माझी, तीस टक्के तुमचे

वसुलीतज्ज्ञ साहेबांस,
मुक्काम पोस्ट व्हॉट्सॲप.



'निकाल तुमचा, वसुली आमची! पैसे आले तरच तीस टक्के!' ही तुमची जाहिरात मोबाइलवर आली, तेव्हा मी अंगणात खाटेवर कोर्टाच्या डिक्रीची नक्कल वाळवत होतो. पत्र्याच्या पेटीत तिला ओल लागली होती. बावीस क्विंटल कापसाचा चुकारा त्या कागदात अडकलाय. व्यापारी म्हणाला होता, "दिवाळीनंतर देतो." कोणत्या दिवाळीनंतर, हे विचारायचं माझ्याकडून राहिलं.

खटला जिंकलो तेव्हा हिंगणघाटात पेढे वाटले. वकीलसाहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "आता दरखास्त टाकू, म्हणजे वसुलीचा अर्ज." मला वाटलं होतं, संपलं. १८७२ मध्येच प्रिव्ही कौन्सिल म्हणून गेलं होतं की, हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी डिक्री मिळाल्यावर सुरू होतात. पेढ्यांआधी कोणी सांगितलं असतं, तर अर्धा किलोतच भागवलं असतं.

मग जप्ती वॉरंट निघालं. बेलिफ गेला, त्याच्यामागे मी. बंगला बायकोच्या नावावर, गाडी मेहुण्याच्या, जिनिंग पुतण्याच्या. त्याच्या स्वतःच्या नावावर फक्त बीपी आणि शुगर. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण कायद्यानं जप्त होत नाही. पंचनाम्यात एक जुना कूलर आला, तोही पंपाविना. व्यापाऱ्यानं आम्हा दोघांना चहा मात्र पाजला.

"दिवाणी तुरुंगात टाका," असं कोणी सुचवलं. रक्कम पाच हजारांवर असेल तर तीन महिन्यांपर्यंत टाकता येतं. पण तो मुद्दाम देत नाही हे मी सिद्ध करायचं आणि आत त्याच्या जेवणाचा भत्ताही मीच भरायचा! कापूस माझा, पैसे माझे आणि वरणभातही माझाच.

म्हणून साहेब, तुमची जाहिरात गोड वाटली. पण तुमची माणसं नेमकं काय करणार? घरात शिरायला बेलिफालाही सूर्य वर असावा लागतो. बँकांच्या वसुलीवाल्यांना रिझर्व्ह बँकेनं सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला मनाई केलीय. तुम्ही तर लिहिता, 'चोवीस तास सेवा'. ही सेवा कोणाची, हे जरा खुलाशानं कळवा. वकिलांना निकालावर बांधलेली फी घेता येत नाही, तुम्हाला कसली आडकाठी नाही, कौतुक वाटतं.

सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात. तिथं राहिलेल्या बॅरिस्टरांनी आफ्रिकेत असाच एक पेच सोडवला होता. लवादानं त्यांचे पक्षकार दादा अब्दुल्ला यांच्या बाजूनं सुमारे ३७,००० पौंड ठरवले. हरलेले तैयब शेठ एकरकमी देते तर त्यांचं दिवाळं निघालं असतं. गांधींनी दादांना हप्त्यांवर राजी केलं आणि ते काम लवाद मान्य करवण्याहून जड गेलं, असं लिहूनही ठेवलं. पण तैयब शेठला पैसे बुडवायचे नव्हते. आमच्या शेठची गोष्ट वेगळी.

तेव्हा तुमचा प्रस्ताव साभार परत. कारण वसुलीसाठी एक सेवा मी आधीच घेतलीय. तिचं नाव कोर्ट, आणि तिची फी मी मुद्रांकासकट आगाऊ भरलीय. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं की, दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा. २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं मोजलं, तर देशभर ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पडून होत्या. त्यांतल्या ३ लाखांहून जास्त महाराष्ट्रातल्या. तुमचा धंदा या ढिगावरच उभा आहे.

माझ्यासारख्या डिक्रीवाल्यांना एकच सांगणं: तीस टक्के देण्याआधी ऋणकोला मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४१ खाली. शपथेवर खोटं लिहिताना बंगलेवाल्याचाही हात थोडा कापतो. आणि बारा वर्षं मोजत राहा. त्यानंतर पैशाच्या डिक्रीची दरखास्त टाकता येत नाही.

माझी दरखास्त चौथ्या वर्षात आहे. पुढची पेशी सोमवारी. कूलरचा लिलाव अजून व्हायचाय.

आपला,
एक डिक्रीदार, जि. वर्धा