कॅल्शियमचं बरं चाललंय, मॅग्नेशियमचं बिनसलंय

डेअरीला दूध घालून आलेल्या काकूंनी रिकामी किटली भिंतीवर टेकवली, तेव्हाच मी ओळखलं, आज तव्यावरची भाकरी करपणार.

"ऐकलंस का गं? पोरगी आलीया मुंबईहून. रात्रभर अणूच्या भानगडी सांगत होती."

"भानगडी?"

"मग काय! दुधातलं कॅल्शियम बघ. पोटात 20 प्रोटॉन, 20 न्यूट्रॉन. दोघांच्या पंगती येगळ्या बसत्यात, अन् पंगत पुरी भरली की गाभा घट्ट. 2, 8, 20, 28, 50, 82, असल्या आकड्यांना जादूई म्हणत्यात. कॅल्शियमच्या दोन्हीकडच्या भरलेल्या. कुरकुरच न्हाई."

"मग बिनसलं कुणाचं?"

काकूंनी आवाज खाली आणला, जणू समोरच्याच घरातलं सांगायचंय. "मॅग्नेशियमचं. त्यात 12 प्रोटॉन. न्यूट्रॉन कोंबत कोंबत 20 केले. पंगत भरली, आता गप बसावं का न्हाई? तर दोघं उठून वरच्या पंगतीत! गोल गाभा लांबट होऊन बसला."

"कशानं पण?"

"प्रोटॉन कमी. न्यूट्रॉनाला खाली ओढून धरणारे तेच. ती ओढ ढिली पडली की दोन पंगतींतलं अंतर आक्रसतं. जिनिव्हाच्या सर्नमध्ये 1975 साली मॅग्नेशियमच्या शेजारच्या सोडियमची वजनं घेताना पहिला संशय आला. ऑक्सिजनचं तर इचारूच नको. 8 प्रोटॉन, 20 न्यूट्रॉन, दोन्ही आकडे जादूई. जपानात बनवून बघितला, अन् 2023 ला कळलं, बनताक्षणीच चार न्यूट्रॉन सोडून मोकळा! त्याला फार तर 16 न्यूट्रॉन मानवतात. अन् कॅल्शियमला 34 चा आकडासुद्धा जादूई ठरतो, हे 2013 ला कळलं."

एवढे आकडे यांच्या डोक्यात राहतात कसे, देव जाणे. मला किराण्याची यादी राहत नाही.

"आपल्याकडं न्हाई का असलं काही?"

"हाय की. कुलाब्याला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये पेलेट्रॉन हाय, 1988 पासनं. गाभ्यावर गाभा आपटायचा, गॅमा किरणं मोजायची अन् त्यावरनं आतलं ओळखायचं. पण ह्ये घडीभर टिकणारे अणू बघायचे तर जपानसारखं ठिकाण गाठावं लागतं म्हणं."

मग खरी बातमी आली. "ही पंगत कशी बसती ते कुणी सांगितलं ठाऊक हाय? बाईनं! मारिया मायर. 1949 ची गोष्ट. नवरा शिकागोच्या विद्यापीठात प्रोफेसर, म्हणून तिथं हिला पद दिलं, पगार न्हाई. जर्मनीतल्या येन्सेननंही तेच काढलं हुतं, मग 1963 ला दोघांना नोबेल. तवा ती सान दिएगोत राहायची, तर तिथल्या पेपरात मथळा काय? सान दिएगोच्या आईला नोबेल!"

"अगंबाई! आणि काकू, तुमच्या पोरीला तरी पगार आहे ना?"

"फेलोशिप हाय." काकूंनी मागं वळून दार बघितलं. "काकांना बोलू नको हां. म्हशीचा या महिन्याचा हप्ता तिनंच भरला."