ढगांचे नागरिकत्व

फ्लोरिडातला क्युम्युलोनिंबस ढग आणि विदर्भातला क्युम्युलोनिंबस ढग एकाच जातीचे, असा सामान्य माणसाचा समज असतो. सामान्य माणूस हवाई खात्यात नोकरीला नसल्यामुळे त्याला असले समज परवडतात.

आपला एखादा मुलगा अमेरिकेतून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, घेऊन मायदेशी येतो. तिथली लेखी परीक्षा त्याने दिलेली असते, परीक्षकाला शेजारी बसवून विमान उडवून दाखवलेले असते. इथे डीजीसीए, म्हणजे आपले नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणते, छान, आता पुन्हा बस. एक पेपर एअर रेग्युलेशन्सचा, दुसरा नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र एकत्र कालवलेला, नाव 'कंपोझिट'. दोन्हींत 70 टक्के हवेत. बसण्यासाठी आधी डीजीसीएकडच्या नोंदणीचा कॉम्प्युटर नंबर हवा, आणि तो हवा तर बारावीला फिजिक्स-मॅथ्स होते हे बोर्डाकडून शाबीत व्हायला हवे. ज्याच्या लॉगबुकात 200 तासांची उड्डाणे आहेत, त्याची गुणपत्रिका अशी जमिनीवरून तपासली जाते. परवाना खरोखर आपणच दिला, हे अमेरिकेनेही कळवायचे असते. तोवर मुलगा घरी बसून आईला टर्ब्युलन्स समजावतो.

रेग्युलेशन्सच्या पेपरबद्दल तक्रार नाही. अमेरिकेत हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, आपण हेक्टोपास्कलमध्ये. तिथे प्रमाण दाब 29.92, इथे 1013. दृश्यमानता तिथे मैलांत, इथे मीटरांत. हा घोळ डोक्यात घेऊन कोणी आपल्याला मुंबईत उतरवू नये. पण वळण घेताना कंपास का चुकतो आणि धुके केव्हा धरते, हे काय त्याने अमेरिकेच्या खासगीतले गुपित म्हणून वाचले होते?

खरी गंमत कायद्यात आहे. 1944च्या शिकागो करारातले कलम 33 सांगते, की विमानाची नोंदणी ज्या देशात, त्या देशाचा परवाना किमान दर्जाचा असेल तर इतरांनी मान्य करावा. म्हणजे याच मुलाने अमेरिकेत नोंदलेले, 'एन' अक्षराचे विमान मुंबईत आणून उतरवले, तर त्याच्या परवान्याला आपण नाही म्हणणार नाही. तेच भारतात नोंदलेल्या, अंगावर 'व्हीटी' लिहिलेल्या विमानात बसला, की धुके त्याला नव्याने शिकावे लागते. आकाश तेच, धावपट्टी तीच, मुलगाही तोच. अक्षरे तेवढी बदलली.

त्यातही परवाना हाती असणारे नशीबवान. पैसे संपले म्हणून शिक्षण अर्धवट सोडून जो परततो, त्याच्याकडे फक्त लेखी परीक्षेचा निकाल असतो. परदेशी परवान्याचे इथल्या परवान्यात जे कन्व्हर्जन होते, ते त्याचे होत नाही, कारण कन्व्हर्ट करायला परवानाच नाही. त्याने इथले सगळे पेपर पहिल्यापासून द्यावेत.

आपलेच खाते असे, म्हणून खंतावू नये. युरोपात व्यावसायिक वैमानिकाला 13 विषय, प्रत्येकात 75 टक्के, मुदत 18 महिने, आणि सगळे पेपर एकाच देशाच्या प्राधिकरणाकडे द्यायचे. चार स्पेनकडे, नऊ जर्मनीकडे, असे चालत नाही. नियमपुस्तक मात्र सगळ्यांचे एकच. 2020 संपताना ब्रिटन त्या व्यवस्थेतून बाहेर पडले आणि दोन्ही परवाने हवे असलेली मुले तेच 13 विषय दोनदा देऊ लागली. इंग्लिश खाडीवरच्या हवेला यातले काही कळवल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडची शहाणी मुले यावर तोड काढतात. डीजीसीएचे पेपर आधी इथेच पास होतात, मग उडायला परदेशी जातात. ज्या पालकांनी घर गहाण टाकायचे ठरवले आहे, त्यांनी हा क्रम जरूर पाळावा. फक्त एवढे लक्षात असू द्या, की अमेरिकेत पोचल्यावर तिथली लेखी परीक्षा द्यावीच लागते. आपले निकाल तिथेही चालत नाहीत.