कागदाएवढी फट

टॅपेट वाजतोय, हे निदान माझगावात कुणीही करू शकतो. त्यासाठी गाडी चालवता यायलाच हवी असं नाही. डॉकयार्ड रोड स्टेशनपाशी कटिंग पीत उभ्या असलेल्या माणसासमोरून एखादी जुनी फियाट टकटक करत गेली, की तो ग्लास ओठांपासून न हलवता म्हणतो, "टॅपेट." उपाय मात्र तो सांगत नाही. उपाय जाणणारे मिस्त्री हल्ली शोधावे लागतात, कारण ज्यांच्यावर त्यांचा हात बसला होता त्या गाड्याच गेल्या. तारदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली शेवटची पद्मिनी, म्हणजे तीच फियाट, टॅक्सी म्हणून वीस वर्षांची मुदत भरून २०२३च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली आणि शहरातला एक आवाज कायमचा कमी झाला.

आमची पद्मिनी खासगी, त्यामुळे वाचली. सासऱ्यांची गाडी. पंधरा वर्षं उलटल्यापासून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घेत आणि हरित कर भरत ती आपलं वय निभावते आहे. पन्नास पूर्ण झाली की 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांची मानाची नंबरप्लेट मिळू शकते. तोवर ती नुसतीच जुनी.

गेल्या वर्षी तिचं इंजिन खोललं. बोअर, पिस्टन, रिंगा, बेरिंगं यांचं वर्णन करत नाही. तो सगळा लेथवाल्याचा आणि पैशांचा विषय. सुटे भाग मिळाले कुर्ल्याला. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात ही गाडी सबंध जन्मली आणि आता कुर्ल्याच्याच बाजारात तिच्या बहिणी वजनावर मिळतात. खरा प्रश्न उभा राहिला तो हेड बसल्यावर, टॅपेट सेटिंगच्या वेळी. त्यासाठी चाळीतले फिटरकाका खाली आले. काका माझगाव डॉकमधून निवृत्त. जहाजाच्या डिझेल इंजिनांपुढे त्यांना आमचं १०८९ सीसीचं प्रकरण म्हणजे भातुकली. "आमच्याकडे टॅपेटला शिडी लावून चढायचो," असं म्हणत ते स्टुलावर बसले.

या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकच्या पोटात असतो. त्याच्यावरचा उंचवटा फिरत आला की टॅपेट उचलला जातो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर वॉल्वला. खालून निघालेला अर्ज वरच्या साहेबापर्यंत जावा तसा हा सगळा प्रवास, फक्त मिनिटाला दीड हजार वेळा, आणि तेही इंजिन मध्यम वेगात असताना. या साखळीत रॉकर आणि वॉल्व यांच्यामध्ये मुद्दाम एक फट ठेवायची असते. साधारण कागदाच्या जाडीची. का, तर लोखंड तापलं की वाढतं. दहा सेंटीमीटरची पोलादी दांडी शंभर अंशांनी तापली, तर एक दशांश मिलिमीटरहून थोडी जास्तच लांबते. फट नसेल तर वाढलेल्या वॉल्वला पुरतं बसायला जागा राहत नाही. एक्झॉस्टचा वॉल्व तर आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकल्यावरच सोडतो. टेकायलाच मिळालं नाही तर तो जळतो, आणि जळताना हूं की चूं करत नाही.

म्हणून काकांचा वाजणाऱ्या टॅपेटवर राग नव्हता. "वाजतोय तो जिवंत आहे. गप्प झाला की हेड उतरव." शेजारीपाजारी मात्र "काय गाडी आहे, आवाजसुद्धा नाही!" हीच इंजिनाची स्तुती समजतात.

इंजिन पूर्ण गार असताना काम सुरू झालं. चार नंबरच्या सिलिंडरचे दोन्ही वॉल्व एकाच वेळी डोलू लागले, म्हणजे एक मिटता मिटता दुसरा उघडू लागला, की एक नंबरचे सेट करायचे. तीन डोलले की दोन. बेरीज पाच आली पाहिजे, एवढंच पाठांतर. मग फट मोजायची फीलर गेजची पाती आत सरकवायची. किती घट्ट? पुस्तकात आकडा असतो, पण हाताला काय लागलं पाहिजे ते पुस्तकात नसतं. "जाताना अडू नये, येताना सुटू नये," असं म्हणून काकांनी माझा अंगठा पातीवर ठेवला आणि स्वतः ओढून दाखवली. लोण्यातून सुरी काढावी असं मी म्हणणार होतो, पण त्यांना उपमा चालत नाहीत.

फट बरोबर बसली की लॉकनट आवळायचा, आणि नेमका तिथेच घात होतो. नट फिरला की त्याच्याबरोबर आतला स्क्रूही केसभर फिरतो आणि फट गायब. म्हणून एका हाताने स्क्रू धरायचा, दुसऱ्याने पाना. पाती कुणी धरायची, याचं उत्तर घरातल्या मुलाला हाक मारून मिळतं.

सगळं झाल्यावर गाडी चालू केली. तीन नंबर वाजत होता. स्क्रू ड्रायव्हरचं टोक रॉकर कव्हरवर आणि मूठ कानाला लावून काका ऐकायला बसले, तेवढ्यात हार्बरची लोकल धडधडत गेली. ती जाईपर्यंत ते तसेच, डोळे मिटून. मग म्हणाले, "पाती खोटं सांगतेय." रॉकरच्या टोकाला वर्षानुवर्षांच्या माराने खड्डा पडला होता. सपाट पाती खड्ड्याच्या दोन काठांवर टेकते आणि खालची पोकळी मोजतच नाही. हाताला फट बरोबर लागते, प्रत्यक्षात ती दुप्पट असू शकते. रॉकर काढला, टोक घासून सारखं केलं, पुन्हा पाती, पुन्हा नट, पुन्हा मुलाला हाक.

आता गाडी छान टिकटिकते. पण नवीन गॅस्केट दबलं की हेड पुन्हा आवळावं लागतं आणि हेड आवळलं की फटी बदलतात, म्हणून पाचशे किलोमीटरवर सगळं परत उघडायचं, असा काकांचा हुकूम आहे. आमचं पहिलंच लांबचं जाणं गणपतीला रत्नागिरीला. मी हिशेब केला, तर पाचशे परतीच्या वाटेवर भरतात, पोलादपूर-महाडच्या दरम्यान. आणि इंजिन पूर्ण गार हवं, म्हणजे तिथे एक मुक्काम.

"अहो, पण मग थोडं आधी, रत्नागिरीतच उघडा ना, माहेरच्या अंगणात," ही म्हणाली.

मी काकांना विचारलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "चालेल. पण पाती धरायला सासऱ्यांना बसव. गाडी त्यांची आहे."