हँड्स-ऑन मास्तर

अकाउंट्स खात्यात पाहुणा आला की आमचे हात आपोआप फायलींकडे जातात. ऑडिटर असला तर फायली पुढे करायच्या, वसुलीला आलेला असला तर मागे सारायच्या. या दोन्हींत न बसणारा तिसरा पाहुणा म्हणजे सॉफ्टवेअर शिकवायला येणारा मास्तर. त्याच्यासाठी फायली हलत नाहीत, खुर्च्या हलतात.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात आजवर असे पाच-सहा मास्तर येऊन गेले. गाव निराळे, आडनाव निराळे, वाण एकच. पाठीवर सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप, स्वतःचा माउस, स्वतःचे माउसपॅड आणि प्लॅस्टिकच्या डब्यात सात प्रकारच्या वायरी. आमच्या प्रोजेक्टरला लागते ती आठवी. ती सापडेपर्यंत पहिला चहा होतो, सापडल्यावर भिंतीवर त्याच्या मुलीचा गॅदरिंगमधला फोटो झळकतो आणि मग दुसरा चहा होतो.

मास्तर येतो तो बहुधा वीस तारखेला. वीस तारखेला जीएसटीआर-३बी भरायचा असतो, हे देशातल्या प्रत्येक अकाउंटंटला ठाऊक असते आणि ट्रेनिंगची तारीख ठरवणाऱ्या एकाही साहेबाला नसते. त्यामुळे निम्मे खाते मास्तरकडे तोंड करून बसते आणि मनाने जीएसटीच्या पोर्टलवर असते.

सुरुवात पोथीने होते. श्यामसुंदर गोयंका नावाचे व्यापारी होते, त्यांना धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरतला, सांगितले की तूच लिही. १९८६ साली अशी टॅली जन्माला आली आणि २०२० साली त्याच मुलाला पद्मश्री मिळाली. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाणी येतो तसे मास्तरच्या कथेत गोयंका येतात. ही कथा आम्ही प्रत्येक मास्तरकडून ऐकली आहे. आता मध्येच तो अडखळला तर पुढचे वाक्य आमचा शिपाई सांगतो.

त्याच्या कोटेशनात 'ऑनसाइट हँड्स-ऑन ट्रेनिंग' असे लिहिलेले असते. हात कोणाचे, ते लिहिलेले नसते.

"तुम्ही करा मॅडम, तुम्हीच करा. मी बघतो," असे तो आमच्या खात्यातल्या सविताला म्हणतो. सविता एफ ५ कुठे आहे ते शोधू लागते. तेवढ्यात बाजूने एक हात येतो, एफ ५ दाबतो, तीन एंटर मारतो, कंट्रोल-ए करतो आणि निघून जातो. स्क्रीनवर व्हाउचर बसलेले असते. "झालं! सोप्पंय ना?"

"हो सर."

हे 'हो सर' म्हणजे बुडीत येणे आहे. पुस्तकात दिसते, हातात कधी येत नाही. पण मास्तर ते खरे धरतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. शिकवण्याची हौस दांडगी, पण दुसऱ्याचे चुकणारे बोट त्याला बघवत नाही. नवी सून पोळी लाटत असताना सासूच्या हाताला जे होते, तेच.

शिकवण्यासाठी त्याच्याकडे एक नमुना कंपनी असते, एबीसी ट्रेडर्स. काय कंपनी आहे! तिथे माल परत येत नाही, चेक वटल्याशिवाय राहत नाही, रोकड कधी उणे होत नाही. तेरीज पहिल्या फटक्यात जुळते. जुळणारच, त्या कंपनीला ना मालक, ना मालकाचा मेहुणा. दुपारपर्यंत आम्ही सगळे एबीसी ट्रेडर्समध्ये नोकरीला जायला तयार असतो.

जेवणानंतर मास्तर म्हणतो, "चला, आता तुमचाच डेटा उघडू." इथून त्याच्या घटाघटा पाणी पिण्याला सुरुवात होते.

यंदाच्या मास्तरने पार्ट्यांची यादी उघडली. त्यात गणेश टेम्पो, श्री गणेश टेम्पो, श्रीगणेश ट्रान्स., गणेश टेम्पो नवीन, गणेश टेम्पो वापरू नये आणि गणेश टेम्पो हाच वापरणे अशी सहा खाती निघाली. मास्तरने विचारले, "यांचे टेम्पो किती आहेत?"

"एकच," सविता म्हणाली. "तोही सध्या गॅरेजला आहे."

मग ग्रुपिंग आले. रिपोर्ट काढायच्या सॉफ्टवेअरचा जीव ग्रुपिंगमध्ये असतो. प्रत्येक खाते योग्य गटाखाली असले, तर कंपनी कायद्याच्या शेड्यूल थ्रीमधला ताळेबंद आपोआप भरतो; नसले तर तोही आपोआपच भरतो, फक्त चुकीचा. मास्तर एकेक गट उघडत 'प्लँट अँड मशिनरी'पाशी आला आणि थबकला. लेथ, मिलिंग, कॉम्प्रेसर यांच्या खाली एक नोंद होती, 'झेंडू, ६४० रुपये'.

"हे काय आहे?"

"खंडेनवमीचा झेंडू," मी म्हणालो. "मशीनलाच घातला होता."

"अहो, पण..."

"आणि झेंडू प्लँटच ना, सर?" सविता म्हणाली.

कायद्यात साधारण यंत्रसामग्रीचे आयुष्य १५ वर्षे धरतात. झेंडूचे खंडेनवमीपासून दुसऱ्या दिवशीच्या झाडूपर्यंत. त्या झेंडूवर आम्ही तीन वर्षे इमानेइतबारे घसारा काढत होतो. मास्तरने पाण्याची दुसरी बाटली मागवली.

पण मास्तरची खरी गाठ पडते ती बापूंशी. प्रत्येक अकाउंट्स खात्यात एक बापू असतात. आमच्या बापूंनी हिशेब किर्द-खतावणीवर शिकला. लक्ष्मीपूजनाला लाल चोपडी मिळत नाही म्हणून ते कीबोर्डला हळदकुंकू वाहतात. आमच्या स्पेस बारखाली अजून अक्षता आहेत. कॉम्प्युटरने केलेली बेरीज ते कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहतात. एकदा दोन्हींत फरक आला, तेव्हा त्यांनी कॅल्क्युलेटरवर विश्वास ठेवला. त्या दिवशी दोन एंट्री रिपोर्टबाहेर राहिल्या होत्या आणि बापूच बरोबर निघाले. तेव्हापासून त्यांना कोणी हसत नाही.

मास्तरने ताळेबंद लाखांत काढून दाखवला. २०२१ पासून आकडे राउंड करणे सक्तीचे झाले आहे, असेही सांगितले. बापूंनी उभी बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"मास्तर, ०.०१चा फरक आहे."

"राउंडिंग डिफरन्स आहे, बापू. सोडून द्या."

"०.०१ लाख म्हणजे हजार रुपये. कुठे गेले?"

"कुठे गेले नाहीत. रिपोर्टात दिसत नाहीत, पण पुस्तकात आहेत."

बापूंनी चष्म्यावरून पाहिले. "आमचा मागचा कॅशियर अगदी हेच म्हणायचा."

दुसरा दिवस एडिट लॉगचा होता. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. कोणी बदलले, कधी बदलले, आधी काय होते, सगळे टिपले जाते, असे मास्तर मोठ्या कौतुकाने सांगत होता. खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मागून कोणीतरी विचारले, "फक्त तारीख दिसते की वेळही?"

"वेळही."

"म्हणजे चित्रगुप्तच," बापू म्हणाले. "तो निदान माणूस मेल्यावर वही उघडतो. हा ऑडिटलाच उघडणार."

तिसऱ्या दिवशी सविताने सगळी खाती नव्याने योग्य गटांत बसवायची होती. "तुम्ही करा मॅडम," म्हणत मास्तरचा हात बाजूने निघालाच होता, इतक्यात त्याचा फोन वाजला. दुसऱ्या गावच्या कुठल्याशा कारखान्यातले कोणी बापू अडकले होते. मास्तर व्हरांड्यात गेला. खिडकीतून आम्हाला सगळे ऐकू येत होते.

"आता वर डावीकडे काय दिसतंय? नाही, वाचून दाखवा... नाही, ते नका दाबू. हात बाजूला घ्या. सावकाश. घाई नाही आपल्याला... आता काय लिहून आलं?... बरोबर! बघा, केलंत की तुम्ही!"

चाळीस मिनिटे. एकदाही आवाज चढला नाही. आमच्याकडे अडीच दिवस त्याने जे शिकवले नव्हते, ते त्या न दिसणाऱ्या बापूंना तो शिकवत होता, कारण तिथे त्याचा हात पोचत नव्हता. इकडे सविताने व्हरांड्यातल्या त्याच आवाजाच्या चालीवर एकेक खाते हलवले. चुकली, मागे आली, पुन्हा गेली. झेंडू खर्चात गेला, सहाच्या सहा गणेश एका टेम्पोत बसले. मास्तर परत आला तेव्हा स्क्रीनवर ताळेबंद होता आणि बापू कॅल्क्युलेटर घेऊन शेजारी बसले होते.

"जुळलं," बापू म्हणाले.

मास्तरने स्क्रीन पाहिली, माउसकडे पाहिले आणि दोन्ही हात खिशात घातले. मग फीडबॅकचे कागद वाटले. आम्ही सर्वांनी पाचपैकी पाच दिले. वीस तारीख उलटून दोन दिवस झाले होते आणि लेट फी कशात टाकायची ते त्यालाच विचारायचे होते.

माझे मत विचाराल तर मास्तर वाईट शिकवत नाही, फक्त फार जवळ उभा राहून शिकवतो. साहेबांनी त्याला पैसे तीन दिवसांचे दिले. खरे ट्रेनिंग पुढे वर्षभर चालते, रात्री दहानंतर, फोनवर, फुकट. तो तिकडे जेवत असतो, इकडे सविता स्क्रीन वाचून दाखवत असते, आणि व्हाउचर तिच्याच बोटांनी बसते.

त्याचा नंबर खात्याच्या मोबाइलमध्ये तीनदा आहे. टॅली सर, टॅली सर नवीन आणि टॅली सर हाच लावणे.